छतावरील विजेचें वर्ष ३१ मार्चला कां संपावें?

अलीकडे नांदेड व लातूर या दोन्ही जिल्ह्यांतून प्रवास करतांना घरांच्या छतांवर काळसर निळ्या सौर पट्ट्या दृष्टीस पडूं लागल्या आहेत. लोक त्यांस 'प्लेटा' म्हणतात. प्रथम त्या शहरांतील बंगल्यांवरच दिसत. आतां खेड्यांतील बागायतदारांच्या घरांवरहि त्या आल्या आहेत. केंद्र सरकारनें फेब्रुवारी २०२४ मध्यें 'प्रधानमंत्री सूर्यघर मुफ्त बिजली योजना' सुरू केली, तेव्हांपासून हा ओघ वाढला. या योजनेंत पहिल्या दोन किलोवॅटांस प्रत्येकीं ३०,००० रुपये व तिसऱ्या किलोवॅटास १८,००० रुपये, मिळून जास्तींत जास्त ७८,००० रुपये अनुदान एका घरास मिळतें. योजनेच्या नांवांतच 'मुफ्त' हा शब्द असल्यामुळें, एकदां पट्ट्या बसल्या कीं विजेची काळजी कायमची मिटली, अशी समजूत पुष्कळांनीं करून घेतली आहे.

ही समजूत अर्धी खरी आहे आणि अर्धी घातक आहे. पट्ट्या बसल्यानें विजेचें बिल पुष्कळ उतरतें यांत शंका नाहीं. परंतु किती उतरावें हें उन्हावर जितकें अवलंबून आहे तितकेंच हिशेबाच्या नियमांवरहि आहे; आणि त्या नियमांत एक तरतूद अशी आहे कीं, ती आपल्या मराठवाड्याच्या ऋतुमानाशीं मुळींच जुळत नाहीं. हा हिशेब कसा चालतो हें प्रथम सांगून मग त्या तरतुदीविषयीं आमचें मत आम्ही वाचकांपुढें ठेवणार आहों.

या व्यवस्थेस 'नेट मीटरिंग' म्हणतात. तिचें मूळ अमेरिकेंत असून तेथील मिनेसोटा राज्यानें १९८३ सालीं यासंबंधीं कायदा केला. आपल्या राज्यांत महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगानें २०१५ सालीं याचे पहिले नियम केले, ३० डिसेंबर २०१९ रोजीं त्यांच्या जागीं नवे नियम आणले आणि २०२३ सालीं त्यांत दुरुस्ती केली. व्यवस्था अशी आहे. पट्ट्यांवर ऊन पडलें कीं वीज तयार होते. ती ज्या स्वरूपांत तयार होते त्या स्वरूपांत घरांतील पंख्यास वा दिव्यास चालत नाहीं, म्हणून इन्व्हर्टर नांवाचें यंत्र तिचें रूपांतर करतें. ही वीज प्रथम घरांत चालू असलेल्या उपकरणांस मिळते. घरास लागून उरेल ती मीटरांतून बाहेर पडून महावितरणच्या तारेवर जाते आणि त्याच डी. पी. वरील शेजाऱ्यांच्या घरांत जळते. सायंकाळीं सूर्य मावळला कीं घरास लागणारी वीज नेहमींप्रमाणें तारेवरून आंत येते. नवें मीटर दोन्ही बाजूंची मोजदाद करतें: आंत किती आली व बाहेर किती गेली. महिनाअखेर आलेल्यांतून गेलेली वजा करून उरेल तेवढ्याचें बिल होतें. गेलेली जास्त भरली तर तेवढीं युनिटें खातेदाराच्या नांवें जमा राहतात व पुढील महिन्यांच्या बिलांत वळतीं होतात.

एक साधें उदाहरण घेऊं. दोन किलोवॅटांचा संच आपल्याकडील स्वच्छ उन्हांत दिवसास सुमारें ८ युनिटें देतो. त्यांपैकीं ३ युनिटें दिवसांच घरांत खर्च झालीं व ५ बाहेर गेलीं. रात्रीं ६ युनिटें बाहेरून आंत आलीं. मीटरवर आंत आलेलीं ६ आणि बाहेर गेलेलीं ५ अशी नोंद होईल व बिल एका युनिटाचें होईल. महिन्याच्या हिशेबानें आंत १८०, बाहेर १५०, बाकी ३०. घरांत वास्तविक महिन्यास २७० युनिटें जळलीं. बिल मात्र ३० युनिटांचें व त्यावरील आकारांचें आलें.

येथें तीन गैरसमज हटकून होतात, ते आधींच काढून टाकलेले बरे.

पहिला गैरसमज असा कीं, आपली उरलेली वीज महावितरणकडे कोठें तरी सांठवून ठेवलेली असते. जुन्या काळीं आपले लोक पेवांत ज्वारी घालून ठेवीत व लागेल तेव्हां काढीत, तसें हें नाहीं. वीज ज्या क्षणीं बाहेर जाते त्याच क्षणीं ती दुसऱ्या कोणाच्या तरी घरांत खर्च होते. सांठतो तो केवळ आंकडा. म्हणून ज्याचा आंकडा व्यवस्थित ठेवला गेला त्याचीच वीज राहिली, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

दुसरा गैरसमज असा कीं, बाहेरची लाईन गेली तरी आपल्या घरीं दिवसां वीज राहणार. साध्या नेट मीटरच्या संचांत तसें होत नाहीं. लाईन गेली कीं इन्व्हर्टरहि आपोआप बंद पडतो. ही यंत्रांतील खोड नव्हे, मुद्दाम केलेली योजना आहे. खांबावर दुरुस्तीसाठीं चढलेल्या लाईनमनच्या हातांत जी तार निर्जीव समजून असते तींत आपल्या छतावरून वीज शिरली तर त्याचा जीव जाईल. म्हणून हा बंदोबस्त. लाईन गेल्यावरहि वीज हवी असेल तर बॅटरीचा वेगळ्या जातीचा संच घ्यावा लागतो व त्यास खर्चहि बराच अधिक येतो. ज्या गांवीं दिवसां वारंवार वीज जाते, त्या गांवच्या छतावरील तेवढें ऊन वायां जातें, हेंहि यावरून ध्यानांत येईल.

तिसरा गैरसमज सर्वांत जास्त भांडणें लावणारा आहे. इन्व्हर्टरवर आज ८ युनिटें झालेलीं दिसतात आणि मीटर बाहेर गेलेलीं ५ च दाखवितें; तेव्हां ३ युनिटें कंपनीनें खाल्लीं, अशी तक्रार घेऊन लोक कचेरींत जातात. तीं ३ युनिटें घरांतच जळलीं. तीं मीटरपर्यंत पोंचलींच नाहींत, म्हणून मीटरनें तीं मोजलीं नाहींत. आणि त्यांचें बिलहि लागलें नाहीं. खरें पाहतां सर्वांत पूर्ण फायदा त्या ३ युनिटांचाच झाला.

आतां बिलाकडे वळूं. महावितरणचे घरगुती दर टप्प्याटप्प्यानें चढतात: पहिलीं १०० युनिटें, मग १०१ ते ३००, मग ३०१ ते ५०० व त्यापुढें. वहन आकार धरून पाहिलें तर दुसऱ्या टप्प्याचा दर पहिल्याच्या जवळजवळ दुपटीचा पडतो. त्यामुळें छतावरील विजेनें प्रथम वाचतात तीं महागांतलीं, वरच्या टप्प्याचीं युनिटें. ज्या घराचा वापर महिन्यास २२० युनिटें आहे, त्यानें एक किलोवॅट बसविला तर वरच्या टप्प्याचीं १२० युनिटें बहुतेक सर्व वाचतात. दुसरा किलोवॅट बसविला तर तो पहिल्या टप्प्याचीं स्वस्त युनिटें वाचवितो. पहिल्या किलोवॅटाइतका फायदा दुसऱ्याचा नाहीं व दुसऱ्याइतका तिसऱ्याचा नाहीं. शिवाय स्थिर आकार हा कधींच माफ होत नाहीं. वापर शून्य आला तरी तो भरावाच लागतो, आणि तारा, खांब, डी. पी. यांचा खर्च कोणी तरी द्यावयाचा म्हणून तो देणें न्यायाचेंहि आहे.

आतां मुख्य मुद्दा. जमा युनिटें एका महिन्यांतून दुसऱ्या महिन्यांत जातात हें वर सांगितलें. परंतु हा प्रवास ३१ मार्चला थांबतो. आर्थिक वर्ष संपतांच शिल्लक राहिलेलीं सर्व युनिटें महावितरण विकत घेते व त्यांची रक्कम खातेदाराच्या बिलांत जमा करते. ही खरेदी आयोगानें ठरवून दिलेल्या दरानें होते व तो दर, आपण स्वतः ज्या दरानें वीज विकत घेतों त्याहून बराच कमी असतो. १ एप्रिलला खातें पुन्हां शून्यापासून सुरू होतें.

वरवर पाहतां यांत कांहीं वावगें दिसत नाहीं. वर्ष कधीं तरी संपावयाचेंच. पण आपल्या भागाचें हवामान डोळ्यांपुढें आणावें म्हणजे यांतील मेख कळेल. नोव्हेंबर ते मार्च हे पांच महिने आपल्याकडे आकाश निरभ्र असतें, संच चांगला चालतो आणि घरांत पंखाहि फारसा लागत नाहीं. म्हणजे जमा पडते ती याच महिन्यांत. एप्रिल, मे व अर्धा जून या काळांत ऊन कडक असलें तरी कूलर, पंखे, फ्रीज व कांहीं घरीं एअर कंडिशनर अहोरात्र चालतात. वापर दुप्पट-अडीचपट होतो. जुलै ते सप्टेंबर ढग असतात, वीज कमी तयार होते, उकाडा मात्र पुरता जात नाहीं. म्हणजे तूट पडते ती या सहा महिन्यांत. जमा आधीं व खर्च नंतर अशी ही निसर्गाची रचना आहे, आणि खातें बंद करण्याची तारीख नेमकी या दोहोंच्या मध्यें येऊन बसली आहे.

हें आंकड्यांनीं पाहूं. खालील आंकडे हिशेब समजण्यासाठीं धरलेले आहेत. प्रत्येक घराचे थोडेफार वेगळे येतील. दोन किलोवॅटांच्या संचावर नोव्हेंबर ते मार्च दरमहा २५० युनिटें तयार झालीं व घरांत १५० लागलीं. पांच महिन्यांत ५०० जमा. एप्रिल ते जून दरमहा २६० तयार झालीं व ३६० लागलीं. तीन महिन्यांत ३०० तूट. जुलै ते सप्टेंबर दरमहा १७० तयार झालीं व २२० लागलीं, १५० तूट. ऑक्टोबरांत २२० तयार व २२० खर्च, बरोबरी. साऱ्या वर्षाचें उत्पन्न २,७६० युनिटें आणि खर्च २,७१० युनिटें. म्हणजे या घरानें आपल्या गरजेइतकी वीज स्वतः पिकविली व वर ५० युनिटें इतरांस दिलीं.

आतां खातें ३१ मार्चला बंद केलें तर काय होतें? एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत या घरास ४५० युनिटें रोख पैसे देऊन पूर्ण घरगुती दरानें घ्यावीं लागतात. मग हिवाळ्यांत जमलेलीं ५०० युनिटें मार्चअखेर कमी दरानें विकलीं जातात. तेंच खातें ३० सप्टेंबरला बंद केलें असतें तर हिवाळ्याच्या ५०० तून उन्हाळ्याचीं ३०० गेलीं असतीं, पावसाळ्याचीं १५० गेलीं असतीं, आणि केवळ ५० युनिटें कमी दरानें विकावीं लागलीं असतीं. छत तेंच, ऊन तेंच, घर तेंच व वापर तोच. केवळ तारखेच्या फरकानें ४५० युनिटांचें नुकसान.

आमच्या वाचकांस हा व्यवहार अगदीं ओळखीचा वाटेल. सुगींत गरजेपोटीं तूर लातूरच्या आडतीवर मिळेल त्या भावानें घालावयाची आणि पुढें आखाडांत तीच डाळ दुकानांतून चढ्या भावानें विकत आणावयाची, यास आपण अडाणीपणा म्हणतों. गोदामांत माल ठेवून पावतीवर कर्ज काढा, घाई करूं नका, असा उपदेश शेतकऱ्यांस गेलीं कित्येक वर्षें केला जात आहे. विजेच्या बाबतींत मात्र हा आखाडचा व्यवहार नियमानेंच आपल्यावर बसविलेला आहे.

महसूल खात्यांत आमची हयात गेली असल्यामुळें वर्ष कोठें सुरू व्हावें व कोठें संपावें या प्रश्नाचें महत्त्व आम्हांस थोडेंसें ठाऊक आहे. महाराष्ट्रांत महसुली वर्ष १ ऑगस्टला सुरू होऊन ३१ जुलैला संपतें. सरकारचा अर्थसंकल्प ३१ मार्चला बंद होतो म्हणून जमीनमहसुलाचेंहि वर्ष त्याच दिवशीं संपलें पाहिजे, असा हट्ट कोणी धरला नाहीं. कारण जमिनीचा वसूल हा पिकाच्या पाठीमागून येतो. निजामी अमलांत आपल्याकडे फसली सन चालत असे; त्याचें नांवच फसल, म्हणजे पीक, यावरून पडलें. साखरेचें उदाहरण तर आजचें व डोळ्यांसमोरचें आहे. साखर कारखान्यांचे हिशेब मार्चअखेर बंद होतात, तरी साखरेचा हंगाम १ ऑक्टोबर ते ३० सप्टेंबर असाच धरला जातो आणि उसाची एफ. आर. पी. त्या हंगामासाठींच जाहीर होते. मग सूर्याच्या पिकाचा हंगाम तेवढा कारकुनी वर्षाप्रमाणें कां मोजावा?

यावर आक्षेप निघतील, आणि ते हंसण्यावारी नेण्यासारखे नाहींत.

पहिला आक्षेप हिशेबाच्या सोयीचा. सर्व राज्याचें खातें एका दिवशीं बंद करणें सोपें, असें कंपनी म्हणेल. परंतु आमची मागणी तारीख बदलण्याची आहे, तारखा पुष्कळ करण्याची नाहीं. ३१ मार्चऐवजीं ३० सप्टेंबर ठेवली तरी दिवस एकच राहतो. कॅलिफोर्निया राज्यांत तर ज्या दिवशीं ग्राहकाचा संच जोडला गेला त्या दिवसापासून बारा महिने मोजून त्याचें खातें मिळतें करण्याची पद्धत पडलेली आहे. लाखो ग्राहकांचे लाखो हिशेब तेथें होतात. बिलें यंत्रानें निघण्याच्या या काळांत हें अवघड नाहीं.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. हिवाळ्यांतील दुपारच्या युनिटाची किंमत व मे महिन्यांतील रात्रीच्या युनिटाची किंमत एक नव्हे. दुपारीं सौर वीज सर्वत्र मुबलक असते. सायंकाळीं मागणी चढते व कंपनीस महाग वीज घ्यावी लागते. तेव्हां स्वस्तांतलें युनिट देऊन महागांतलें परत घेणें हें न्यायाचें कसें? हा मुद्दा खरा आहे व तो आम्ही नाकारीत नाहीं. २०२५ सालच्या दरनिश्चितीच्या वेळीं दिवसाच्या तासांप्रमाणें दर ठेवण्याची जी चर्चा झाली तिच्या मुळाशीं हेंच कारण होतें. परंतु आजचा नियम एका वर्षाच्या आंत दुपार व रात्र, ऑक्टोबर व मार्च यांची अदलाबदल मान्य करतोच. जें तत्त्व मार्चपर्यंत मान्य आहे तें एप्रिलला एकाएकीं अमान्य कां व्हावें? शिवाय ऑक्टोबरांत सुरू होणाऱ्या वर्षांत ग्राहक आधीं ठेव ठेवतो व मागाहून काढतो. कंपनीस उधार द्यावें लागत नाहीं. आणि वर्षाच्या गरजेहून जास्त पिकविलेली वीज कमी दरानेंच घ्यावी, यास आमची मुळींच हरकत नाहीं. घर हा वीज विकण्याचा कारखाना नव्हे.

तिसरा आक्षेप नीतीचा. ज्यांस पक्कें छत नाहीं, जे भाड्यानें राहतात, ज्यांचें घर पत्र्याचें किंवा माळवदाचें आहे, त्यांस या सवलतीचा उपयोग नाहीं. मग छतवाल्यांस अधिक सवलत देऊन त्याचा भार त्यांजवर कां घालावा? ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपांत दगडमातीचीं जड घरें कशीं कोसळलीं हें आपला भाग विसरलेला नाहीं, आणि आजहि सर्वांचीं घरें पक्कीं झालेलीं नाहींत. हा विचार मनांत ठेवूनच आम्ही म्हणतों कीं, मागणी मर्यादित असावी. स्थिर आकार माफ करा, जमा कायमची पुढें न्या, असें आम्ही म्हणत नाहीं. जेवढें पिकविलें तेवढें एका पुऱ्या ऋतुचक्रांत वापरूं द्या, एवढेंच म्हणणें आहे.

नियम बदलत नसतात असें कोणी समजूं नये. ते दोन्ही दिशांनीं बदलतात. कॅलिफोर्नियांत एप्रिल २०२३ पासून नव्या ग्राहकांच्या बाहेर जाणाऱ्या विजेचा मोबदला एकदम पुष्कळ खालीं आणला गेला. आधीं जोडलेल्यांस मात्र त्यांच्या जोडणीपासून २० वर्षें जुना नियम ठेवला. आपल्या राज्यांत २०१९ च्या मसुद्यांत नेट मीटरिंग आंखूड करण्याचा विचार होता. लोकांनीं हरकती पाठविल्या आणि त्या वर्षाअखेर जे नियम निघाले त्यांत घरगुती ग्राहकांचें नेट मीटरिंग कायम राहिलें. नियम कोणी तरी लिहितो, लिहिण्यापूर्वीं मत मागवितो, आणि जो मत देत नाहीं त्याचें मत गृहीत धरलें जात नाहीं. आयोग हरकती मागवितो त्याची जाहिरात वर्तमानपत्रांत येते. शहरांतील उद्योगवाल्यांच्या संस्था ती जाहिरात वाचतात व उत्तर पाठवितात. आपण ती वाचून रद्दींत टाकतों.

तारीख बदलेपर्यंत शेतकऱ्यांनीं काय करावें, तेंहि थोडक्यांत सांगतों.

संचाचा आकार ठरवितांना विक्रेत्याच्या शब्दावर किंवा अनुदानाच्या कमाल आंकड्यावर जाऊं नये. मागील बारा महिन्यांचीं बिलें काढून युनिटांची बेरीज करावी. एक किलोवॅट वर्षास सुमारें १,३०० ते १,४०० युनिटें देतो असें धरून, वर्षाच्या वापराहून थोडा कमीच संच घ्यावा. ७८,००० रुपये मिळतात म्हणून ज्यास दोन किलोवॅट पुरतात त्यानें तीन घेणें म्हणजे वरचें सारें उत्पन्न मार्चअखेर स्वस्तांत घालण्याची तयारी करणें होय.

वीजजोडणी कोणाच्या नांवावर आहे तें आधीं पाहावें. खेड्यांतून अनेक मीटरें वारलेल्या वडिलांच्या किंवा आजोबांच्या नांवानें चालूं आहेत. सात-बारावर वारसाचा फेरफार करून घेण्यास जशी लोक टाळाटाळ करतात तशीच येथेंहि. पण अर्ज, अनुदान, बँकेचें कर्ज या सर्वांस नांव जुळावें लागतें. नांव बदलून घ्यावें, थकबाकी असेल तर भरून टाकावी व मगच अर्ज करावा. फेब्रुवारी २०२४ च्या केंद्रीय दुरुस्तीनें १० किलोवॅटपर्यंतच्या संचास तांत्रिक व्यवहार्यतेच्या तपासणीची अट राहिलेली नाहीं, ही गोष्ट ध्यानांत असूं द्यावी. घराचें व शेतांतील पंपाचें खातें निराळें असतें. घरची जमा पंपाच्या बिलांत आपोआप वळती होत नाहीं.

जें काम दिवसां होण्यासारखें आहे तें दिवसांच करावें. घरची चक्की, कपडे धुण्याचें यंत्र, टाकी भरण्याची मोटर हीं दुपारीं चालवावीं. जें युनिट घरांतच खपलें त्यास ना तारखेचें बंधन, ना दराची घासाघीस. फेब्रुवारीचें बिल हातीं येतांच जमा किती आहे तें पाहावें. ती वायां जाणार असेल तर मार्चमध्यें पाणी तापविणें, स्वयंपाक यांसारखीं कामें सरपण व गॅसऐवजीं विजेवर करून घ्यावीं.

छत मजबूत असल्याची खात्री करून घ्यावी आणि पट्ट्यांचा सांगाडा वळवाच्या वाऱ्यास टिकेल असा पक्का बांधून घ्यावा. सोयाबीनच्या मळणीच्या दिवसांत पट्ट्यांवर धुरळा बसतो, तो सकाळीं पट्ट्या गार असतांना पुसून काढावा. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपीट आपण पाहिली आहे. सबब विमा उतरविण्याचा विचार करावा.

आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे एक वही घालावी. दर महिन्याच्या ठराविक तारखेस मीटरवरचे दोन आंकडे, आंत आलेली वीज व बाहेर गेलेली वीज, टिपून ठेवावे व बिलाशीं ताडून पाहावे. मागील जमा पुढें ओढली गेली कीं नाहीं हें पाहण्यास शाळामास्तर लागत नाहीं. जो आपला आंकडा स्वतः ठेवतो त्यास कचेरींत बोलतांना आवाज चढवावा लागत नाहीं.

या वह्यांचा आणखी एक उपयोग आहे, व त्यासाठींच मुख्यतः आम्हीं हा लेख लिहिला. आपल्या संघाच्या ज्या सभासदांचे घरीं नेट मीटर बसून वर्ष झालें आहे, त्यांनीं आपलीं बारा महिन्यांचीं बिलें संघाच्या कार्यालयांत आणून द्यावींत. संघानें त्यांवरून महिनावार तक्ता करावा: किती वीज आंत आली, किती बाहेर गेली, मार्चअखेर किती विकली गेली व एप्रिल ते सप्टेंबर किती विकत घ्यावी लागली. नांदेडचीं पन्नास घरें आणि लातूरचीं पन्नास घरें मिळालीं तरी पुरे. पुढें आयोग जेव्हां हरकती व सूचना मागवील तेव्हां हा तक्ता एका पानाच्या अर्जास जोडून पाठवावा आणि अर्जांत एकच मागणी करावी, कीं घरगुती सौर खात्याचें वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होऊन ३० सप्टेंबरला संपावें. दहा मागण्या केल्या तर एकहि ऐकली जात नाहीं, असा सरकारी दप्तराचा आमचा अनुभव आहे. आधारासह केलेली एक मागणी मात्र निदान वाचली जाते.

या भागाच्या वांट्यास पाणी कमी आलें. २०१६ सालीं लातुरास मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें. ऊन मात्र निसर्गानें भरपूर दिलें आहे, आणि आजपर्यंत आपण त्यास केवळ शिव्याच देत आलों. आतां त्याच उन्हाचें पीक निघूं लागलें आहे. तें सुगींत स्वस्तांत घालून आखाडांत विकत घेण्याची पाळी आपल्यावर येऊं नये, यासाठीं सभासदांनीं आपापलीं बिलें लवकर आणून द्यावींत, अशी विनंति करून हा लेख पुरा करितों.